खड्ड्यात पाहिलेली सळई

"आता तरी सांगा उस्ताद, माझा पाना कधी?"

मोटरसायकल चालवता चालवताच बिरूनं मान मागं वळवून विचारलं.

मागच्या सीटवर बसलेले दस्तगीर उस्ताद म्हणाले, "रस्त्याकडं बघ."

दस्तगीरांच्या गॅरेजची रीत साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. शिकणारा तयार झाला की उस्ताद आपल्या पेटीतला, वापरून वापरून गुळगुळीत झालेला एक पाना त्याच्या हातावर ठेवायचे. ना हार, ना नारळ, ना भाषण. पाना मिळाला की तो मिस्त्री. तोवर त्यानं इंजिनांची रास का बांधेना, तो आपला शिकाऊच!

बिरूच्या मागून आलेल्या दोघांना पाने मिळाले होते. हात मात्र बिरूचा सरस, हे त्या दोघांनाही मान्य होतं. मग घोडं अडलं कुठं? बिरूला रात्र रात्र तेच सलायचं.

"आज शेवंताक्काची पिकअप मी एकट्यानं बघणार," तो म्हणाला. "फॉल्ट बरोबर काढला तर पाना द्यायचा. बोला, कबूल?"

"आज तू बघ," उस्ताद म्हणाले.

पान्याचं त्यांनी नावच काढलं नाही...

शेवंताक्काच्या वस्तीवर नुसता दंगा होता. हलगी कडाडत होती, पोरं शिट्ट्या मारत होती, गुलालानं माणसं ओळखू येत नव्हती. घाटापलीकडच्या माळावर आज बैलगाड्यांची शर्यत, आणि पहिल्याच गटात आक्काची जोडी. हरण्या आणि तुफान. गेल्या खेपेला ही जोडी एका नाकानं हरली होती, तेव्हापासून आक्काच्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता म्हणतात.

जोडी पिकअपच्या हौद्यात चढून उभी होती. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, आणि नाकपुड्या अशा फुरफुरत होत्या की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा!

पिकअप जुनीपुराणी. ती बांधाला पाठ लावून उभी होती, मागची चाकं खड्ड्यात आणि तोंड वर. शर्यतीच्या नादी लोकांच्या वस्तीवर असा खड्डा असतोच. चाकं आत गेली की हौदा बांधाच्या पातळीला येतो आणि बैल न बिचकता सरळ चालत आत जातात.

"उस्ताद, आलासा! बरं झालं बाई!" आक्का धावत आली. गाडी तीच चालवायची, पदर खोचून. "काल चढाला लागली की ऑइलच्या प्रेशरचा काटा पार खाली बसायला लागला. सपाटीला आली की परत वर. आन् आज तर बैलं घेऊन घाट चढायचाय. मधीच इंजिन जाम झालं आन् गाडी मागं घरंगळली, तर माज्या लेकरांचं काय हुईल वो?"

उस्तादांनी बिरूकडं बोट केलं.

बिरू पुढं झाला. "आक्का, ऑइल कधी बघितलंय?"

"रोज बघती की! हितंच, बैलं चढवायच्या आदी. बरुबर खुणंला असतंय."

बिरूनं बॉनेट उघडलं. इंजिनातलं ऑइल किती ते दाखवणारी सळई ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. ऑइल बरोबर वरच्या खुणेला. आक्का खोटं बोलत नव्हती.

गाडी चालू केली. काटा खाली पडलेला. कान लावून ऐकलं तर इंजिनात खडखड नाही. मग त्यानं सेन्सरची वायर चाचपली. टोक मळलेलं, ढिलं. पुसून घट्ट दाबताच काटा टुणकन वर उडाला.

"सापडलं!" बिरू ओरडला. "आक्का, ऑइल हाय, इंजिन झ्याक हाय. वायर ढिली म्हणून काटा खोटं बोलतोय. खुशाल चढा घाट!"

झालं! हलगीनं ठेका बदलला. कुणीतरी बिरूच्या डोक्यावर मूठभर गुलाल टाकला. बिरूची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी राहिलं. त्यानं उस्तादांकडं बघितलं. पाना आता आलाच हातात!

उस्ताद काट्याकडं बघत होते. तो हळूहळू परत खाली येत होता.

"बंद कर," ते म्हणाले.

बिरूनं चावी फिरवली.

"बैल उतरवा."

हलगी थांबली. मग जो कल्ला झाला तो विचारू नका.

"उतरवा? डोकं फिरलं काय म्हाताऱ्याचं!"

"गट पुकारला आन् जोडी हजर नसली तर नाव काटत्यात, ठावं हाय का?"

आक्काचा चेहरा रडवेला झाला. "उस्ताद, येळ न्हाई वो! बिरू तर म्हणतोय वायर हाय..."

"आक्का, घाटात उतरवण्यापेक्षा इथं उतरवलेले बरे."

आक्कानं एकदा बिरूकडं बघितलं, एकदा उस्तादांकडं. मग ओठ घट्ट मिटून तिनं हरण्याचा कासरा सोडला.

बैल खाली आले. उस्तादांनी समोरच्या खळ्याकडं हात केला. शेणानं सारवलेलं, पाटासारखं सपाट खळं.

"तिकडं घ्या. चालू करायची नाही. ढकला."

शिव्या घालत का होईना, पण झाडून सगळे लागले. होय रे, होय! पिकअप कुरकुरत खड्ड्यातून निघाली आणि खळ्याच्या मधोमध जाऊन थांबली. बिरू सळईकडं झेपावला.

"थांब."

"आता काय उस्ताद?"

"चहा होऊ दे."

आणि म्हातारा खरोखर लिंबाखाली जाऊन बसला की हो! गाडीकडं पाठ करून. लोकांचे फोन वाजत होते, माळावरून हाका येत होत्या, कुठं पोचलात, निघालात का. बिरू जागच्या जागी चुळबुळत होता. उस्ताद बशीत चहा ओतत होते, फुंकर मारत होते, शांतपणे पीत होते...

बशी रिकामी झाली.

"आता बघ," ते पाठमोरेच म्हणाले. "मला दाखवू नकोस. बघ आणि सांग."

बिरूनं सळई ओढली. पुसली. परत घातली. परत ओढली.

कोरडी!

अगदी टोकाला ऑइलचा डाग, बाकी सगळी कोरडी.

सगळं त्याच्या डोळ्यांपुढं लख्ख उभं राहिलं. या इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये सळई मागच्या बाजूला, आणि पंपाचं ऑइल ओढायचं तोंड पुढं. गाडी तोंड वर करून खड्ड्यात उभी, म्हणजे उरलंसुरलं ऑइल सगळं मागं सरकलेलं. सळई म्हणते भरलंय, आणि पंप हवा ओढतोय. चढालाही तेच. सपाटीवर, चहा होईतोवर ऑइल निथळून सारखं बसलं, तेव्हा कुठं सळई खरं बोलली. आक्कानं रोज खड्ड्यात बघितलं. आणि त्यानंही, एवढ्या हुशार बिरूनं, खड्ड्यातच बघितलं! काटा बिचारा पहिल्यापासून खरं सांगत होता; वायर दाबताना उडाला तो नुसत्या झटक्यानं, घटकाभर.

त्यानं मान वर केली. कुणीच सळई बघितली नव्हती. उस्तादांची पाठ त्याच्याकडं होती.

जरासं ऑइल कमी होतं, टाकलं, वायर तर मी बसवलीच, एवढं म्हटलं तरी भागत होतं. गुलाल डोक्यावर तसाच राहिला असता. आणि पाना...

आक्का बैलांच्या मधे उभी होती. एक हात हरण्याच्या मानेवर, एक तुफानच्या. ती बिरूच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. मघाशी याच तोंडानं त्यानं तिला घाट चढायला सांगितला होता.

बिरूला एकदम भडभडून आलं.

"आक्का!" तो असा ओरडला की बैलांनी कान टवकारले. "मी चुकलो! वायरीचं काय न्हाई, काटा खरा होता! इंजिनात ऑइलच न्हाई! खड्ड्यात सळई बघितली मी, खुळ्यावानी! मी तुमाला घाटात मारलं असतं आक्का!"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"अगं बया," आक्का तोंडावर हात ठेवून म्हणाली, "म्हंजी मी रोज..."

"रोज खड्ड्यातच बघितलंत! आता डबा आणा ऑइलचा, पळा! येळ न्हाई!"

आणि मग जी धावपळ उडाली! ट्रॅक्टरच्या शेडमधून डबा आला, नरसाळं आलं, बिरू ओततोय, थांबतोय, सळई पुसतोय, बघतोय. खुणेला येईपर्यंत त्यानं कुणाला बोलू दिलं नाही. चावी फिरवली. काटा उठला आणि ऐटीत वर जाऊन बसला. बिरूनं स्वतः गाडी मागं घेऊन परत खड्ड्यात लावली, तोंड वर. काटा जागचा हलला नाही. रेस दिली, तरी नाही.

"चढवा बैलं!"

हलगी फुटेल अशी वाजायला लागली. हरण्या आणि तुफान आत गेले, आक्कानं पदर खोचला, आणि पिकअप धुरळा उडवत सुटली. सगळे बांधावर चढून बघत राहिले. गाडी घाटाला लागली, पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि ऐन चढावर आक्काचा बांगड्या भरलेला हात खिडकीतून बाहेर येऊन नाचायला लागला. काटा वर होता!

बिरू उड्या मारत होता. मग त्याला आठवलं, आणि तो थांबला.

त्यानं डोक्यावरचा गुलाल झटकला, हत्यारं गोळा केली, पेटी मोटरसायकलला बांधली. उस्ताद येऊन शेजारी उभे राहिले. बिरूनं मान वर केली नाही.

"पान्याचं मी आता परत विचारणार नाही, उस्ताद."

उस्तादांनी बांधलेली पेटी सोडली. आत हात घातला. एक गुळगुळीत पाना काढून बिरूच्या हातावर ठेवला.

बिरूनं तो उलटून पालटून बघितला.

"उस्ताद... अहो, पण मी तर आज चुकलो."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे... मीच सांगितलं की."

उस्ताद मागच्या सीटवर बसले.

"मग ठेव खिशात."