धाकोजीच्या तीन खेपा

एका राज्यात राजा वीरसेनाने मांत्रिक कालभद्राला दिलेले कुरण परत घेतले. मांत्रिक कोपला. त्याने नदीला शाप दिला आणि बेटावरच्या देवळात दिवा लावायला गेलेल्या केवडा नावाच्या मुलीची शिळा केली. चूक राजाची आणि शिळा झाली नावाड्याच्या लेकीची. राजांच्या चुका अशाच भलत्यांच्या अंगावर जातात.

नावाडी धाकोजीच्या नावेवर टिटवी येऊन बसली. म्हणाली, "राजविहिरीच्या पाण्याचे तीन घडे, एका खेपेला एक, सूर्यास्ताआधी शिळेवर ओत. मात्र दर खेपेला नदी वेगळी असेल."

"नदी मला शिकवू नकोस," धाकोजी म्हणाला. त्याचे केस त्याच नदीवर पिकले होते.

पहिल्या खेपेला भोवरा उठला. धाकोजीने नाव त्याच्या डाव्या कडेला घातली आणि भोवऱ्यानेच ती बेटावर नेऊन सोडली. घडा ओतताच लेकीचे पाय मोकळे झाले.

दुसऱ्या खेपेला पुन्हा भोवरा. धाकोजीने क्षणभरही विचार न करता नाव डावीकडे घातली. आता भोवरा उलटा फिरत होता. एक वल्हे गेले, अर्धा घडा सांडला. उरलेल्या पाण्याने लेक गळ्यापर्यंत सुटली, पण उजवा हात दगडाचाच राहिला.

"नदी पाहून वल्हं मारलंस की आठवून?" टिटवीने विचारले.

"आठवून," धाकोजी म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

तिसऱ्या खेपेला सूर्य कलला होता. नदी संथ होती, अगदी त्याच्या तरुणपणीची. नदीतल्या खडकाच्या उजवीकडून ओळखीची वाट. हात आपसूक तिकडे वळला. त्याने तो आवरला. त्या नदीच्या घाटावर नव्या नावाड्याला पहिल्या दिवशी डोळे बांधून, पाय पाण्यात सोडून बसवत. ओढ कुठे आहे, ते त्याने सांगायचे. जुने नावाडी असले काही करीत नसत; हसे होईल ना! धाकोजीने मुंडासे सोडून डोळ्यांवर बांधले आणि पाय पाण्यात सोडला.

"धाकोजी, सूर्य बुडतो आहे!" काठावरून राजा ओरडला.

"त्याच्याआधी नाव बुडायला नको, महाराज."

उजवीकडचे पाणी खाली ओढत होते, खडकाकडचे पुढे. मुरलेल्या पायाला ते लगेच कळले. त्याने नाव थेट खडकावर घातली. खडक धुक्यासारखा विरला.

घड्यातला थेंबही सांडला नव्हता. तो शिळेवर ओतताच हात सुटला, मग चेहरा.

"बाबा, एकाच वल्ह्यानं आलात?" केवडा म्हणाली. धाकोजीला रडू आवरेना.

शाप फिटला. राजाने मांत्रिकाला कुरण परत दिले, नदी पहिल्यासारखी झाली आणि पुन्हा कधी बदलली नाही. तरी धाकोजी रोज सकाळी डोळे बांधून पाण्यात पाय सोडून बसे. लोक हसत. केवडा मात्र त्याच्या शेजारी बसे आणि आपलाही पाय पाण्यात सोडी.