मामा सायकलवरून जावळाला निघाला

एका गावात एक भोळा गडी राहायचा, महिपती त्याचं नाव. गावच्या शाळेत तो घंटा वाजवायचा. एकदा हेडमास्तर बाहेर जाताना म्हणाले, "मी परत येईपर्यंत घंटा देऊ नकोस." हेडमास्तरांना वाटेतच ताप भरला आणि ते घरी जाऊन झोपले. त्या दिवशी शाळा दिवेलागणीपर्यंत चालली. तर असा महिपती. सांगितलेलं ऐकायचं, एवढंच त्याला येत होतं. पण ते फार चांगलं येत होतं.

पुढे त्याचा उजवा खुबा धरला. मांडी घालता येईना, सायकलवर टांग टाकता येईना. शेवटी शहरात नेऊन ऑपरेशन केलं, खुबा बदलला. जीपमधून घरी आणताना त्याला चार वेळा उलटी झाली, कारण महिपतीला कुठलीही गाडी लागायची. जन्मभर तो जिथं गेला तिथं सायकलनं गेला होता.

आणि आता बहिणीकडे जायचं होतं. शेवंता ही त्याची धाकटी बहीण, तिचं सासर बारा किलोमीटरवर. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला मुलगा झाला होता. त्याचं जावळ काढायचं होतं, आणि जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामा तर एकच. पोराचे केस डोळ्यांत जायला लागले, म्हणून शेवंता त्याला रबर लावून शेंडी बांधायची. सासू रोज म्हणायची, "काय गं, तुझ्या माहेरी माणूस आहे का नाही?"

शेवटी सासूनं निकाल दिला. "अकराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दिवस मावळायच्या आत मामा आला तर बरं. नाहीतर काकाच्या मांडीवर उरकून टाकू."

शेवंतानं फोन केला. "दादा, तू न्हाई आलास तर मला माहेर न्हाई असं हुईल बघ."

"येतो," महिपती म्हणाला. आणि फोन ठेवून रडला. त्या पोरीला त्यानं कडेवर खेळवलं होतं.

हातात तीन महिने होते.

गावच्या दवाखान्यात दर सोमवारी व्यायाम शिकवायला शेवडे मॅडम यायच्या. पहिल्या सोमवारी त्यांनी सांगितलं, "हे बघा, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. खाली बसायचं नाही. उंच जागी बसायचं."

महिपती घरी आला. घरात सगळ्यात उंच जागा कुठली, ते त्यानं पाहिलं. मग शिडी लावून माळ्यावर गेला आणि कांद्यांच्या पाटीशेजारी बसला. दोन दिवस बायको, अनसूया, त्याला शिडीवरून भाकरी पोचवत होती.

"आवं, उतरा की खाली!"

"खाली बसायचं न्हाई. मॅडमनी सांगितलंय."

पुढच्या सोमवारी हे ऐकून मॅडमना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "अहो, नव्या खुब्यानं शिडी कसली चढता? उंच म्हणजे खुर्ची! तिच्यावर दोन उशा ठेवा. आणि बसल्यावर पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत."

"चुकलं," महिपती म्हणाला. "आता पाय टेकूनच बसतो."

सहा आठवडे तो गुमान खुर्चीवर बसला. मग मॅडमनी सायकलचा विषय काढला. दांड्याची सायकल नको, टांग टाकावी लागते. म्हणून अनसूयानं आपल्या भाचीची लेडीज सायकल आणली. "सोमवारी सायकल घेऊन या, सीट किती उंच ठेवायची ते दाखवते," मॅडम म्हणाल्या.

महिपती सायकल घेऊन निघाला. सीटवर बसला, आणि बसल्यावर पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत, म्हणून दोन्ही पाय टेकून चालत चालत सायकल नेऊ लागला. सीट खाली, गुडघे छातीपाशी. बाजारपेठेतून दवाखान्यापर्यंत दहा मिनिटांची वाट त्यानं पाऊण तासात कापली. मागे तीन ट्रॅक्टर आणि उसाची एक गाडी रांगेनं दवाखान्यापर्यंत आली.

"अहो!" मॅडम ओरडल्या. "सायकलवर पाय पेडलवर असतात! सीट उंच करा, पेडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. जमिनीला पाय टेकायचा तो थांबल्यावर. आणि रस्त्यावर तर इतक्यात जायचंच नाही! घरी डबल स्टँडवर लावून चालवा. बसलात की पाय सावकाश गोल फिरत राहिले पाहिजेत, मध्येच थांबवायचे नाहीत."

"चुकलं," महिपती म्हणाला. "आता बसलो की पाय फिरवत राहतो."

त्याच आठवड्यात गावचे जुने सरपंच वारले. शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. महिपतीच्या दुखण्याचा विचार करून त्याला पहिल्या रांगेत प्लॅस्टिकची उंच खुर्ची दिली. सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. महिपतीला उभं राहू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून तो बसला होता, आणि बसला होता म्हणून त्याचे पाय हवेत सावकाश गोल फिरत होते. खुर्ची करकरत होती. गाव दोन मिनिटं ती करकर ऐकत होतं. सरपंचांच्या मुलानं आधी रुमाल डोळ्यांना लावला होता, तो नंतर तोंडात कोंबला.

मॅडमच्या कानावर हे सोमवारच्या आधीच आलं होतं. "चारचौघांत नाही हो! व्यायाम फक्त सायकलवर. आणि कधीही, कुठंही दुखायला लागलं, की तिथल्या तिथं थांबायचं. दुखायचं थांबेपर्यंत पुढं जायचं नाही."

"चुकलं. आता दुखलं की तिथंच थांबतो."

शुक्रवारी देवळाजवळच्या अरुंद बोळातून महिपती काठी टेकत चालला होता. बोळाच्या बरोब्बर मध्यावर खुबा ठणकला. महिपती तिथल्या तिथं थांबला. मागून नवरदेवाची वरात आली. पुढं बँड, मग घोडा, मग वऱ्हाड.

"महिपतराव, सरा की बाजूला!"

"दुखतंय. दुखायचं थांबल्याबिगर हलायचं न्हाई."

बँडवाल्यांना वाटलं, पाहुण्याला आणखी गाणी हवी आहेत. त्यांनी सात गाणी वाजवली. खुबा काही थांबेना. मुहूर्त टळून गेला, भटजींनी पंचांग काढून दुसरा शोधला. नवरदेवाचा बाप मात्र अजून महिपतीशी बोलत नाही.

"चुकलं," महिपती सोमवारी मॅडमना म्हणाला. तोवर मॅडमनी कपाळाला हात लावलेलाच होता.

"थांबायचं ते बाजूला होऊन," त्या म्हणाल्या. "राहू दे. आता मी एकच गोष्ट सांगते आणि तेवढीच करा. घरी, अंगणात, डबल स्टँडवर सायकल. सुरुवातीला पाच मिनिटं. मग रोज थोडं थोडं वाढवायचं. एक तास न दुखता चालवलीत की बारा किलोमीटर झाले. बहिणीच्या दारात पोचलात असं समजा!"

बहिणीच्या दाराचं नाव निघताच महिपतीचा चेहरा उजळला. त्यानं तेवढीच गोष्ट केली. पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. अनसूया समोर बसून शेंगा निवडायची आणि त्याला वेळ सांगायची. खरं सांगायचं तर गावात इतकं मन लावून कुणी काही केलं नव्हतं. जावळाच्या दोन दिवस आधी त्यानं पुरा तास सायकल चालवली आणि खुबा एकदाही दुखला नाही.

मॅडमनी पाय तपासला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "महिपतराव, पास झालात! आता खुशाल जा. रस्ता सपाट आहे, ऊन चढायच्या आत निघा. फक्त, जशी रोज चालवता तशीच चालवा. आयत्या वेळी नवीन काही करायला जाऊ नका."

"न्हाई करत," महिपती म्हणाला.

अनसूया आदल्या दिवशी स्वयंपाकाला मदत करायला जीपनं पुढं गेली. जाताना सांगून गेली, "आठला निघा. दाराला कुलूप लावा. तासात पोचा."

बरोब्बर आठ वाजता महिपतीनं फेटा बांधला. भाच्याचं अंगडं, टोपडं आणि नारळ पिशवीत घालून पिशवी हँडलला अडकवली. दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. अंगणात सायकल डबल स्टँडवर होतीच. तिच्यावर बसला आणि निघाला.

साडेआठला शेवंताचा फोन आला. "दादा, कुठवर आलास?"

"अर्ध्यात हाय. रस्ता लई गुळगुळीत केलाय गं, एक धक्का न्हाई."

नऊ वाजता त्यानं पाय थांबवले, आणि थांबल्यावरच एक पाय जमिनीला टेकवला. सावकाश उतरला. पाहतो तर दाराला कुलूप.

त्यानं फोन लावला. "शेवंता, पोचलो. दारात हाय."

शेवंता धावत दारात आली. दारात कुणी नव्हतं. ती कोपऱ्यापर्यंत पळाली. तिथंही कुणी नव्हतं. "दादा, दिसत न्हाईस की रं!"

"मलाबी तू दिसत न्हाईस," महिपती म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्याला राग आला होता. मामाला मानानं बोलवायचं आणि दाराला कुलूप लावून जायचं, ही काय रीत झाली? अंगणात एक खुर्ची होती, तिच्यावर दोन उशाही होत्या. तेवढं तरी त्यांनी बघितलं होतं. तो बसला आणि रुसला. फोन वाजत राहिला, त्यानं घेतला नाही.

तिकडे अकरा वाजले, एक वाजला, साडेतीन झाले. केस कापायला आलेल्या लिंबाजीनानांनी वस्तऱ्याला तिसऱ्यांदा धार लावली. काका मांडी घालून बसला. सासू म्हणाली, "झालं ना तुझं माहेर?" तेव्हा अनसूया चुलीपुढून उठली. नवऱ्याला ती बावीस वर्षं ओळखत होती.

"जीप काढा," ती म्हणाली. "मला ठावं हाय ते कुठं असतील."

चार वाजता जीप महिपतीच्या अंगणात थांबली. अनसूया, शेवंता, तिचा शेंडीवाला पोरगा, सासू आणि लिंबाजीनाना उतरले. महिपतीनं तोंड फिरवलं.

"दादा! तू आला का न्हाईस?"

"मी? मी नवापासनं तुझ्या दारात बसलोय! तुम्हीच आत्ता येताय."

"आरं, ह्ये तुझं घर हाय!"

महिपतीनं इकडे तिकडे पाहिलं. "तरीच म्हटलं," तो म्हणाला. "अगदी आमच्यासारखं बांधलंय तुम्ही."

अनसूयानं त्याच्या खिशातली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

"बघ," महिपती शेवंताला म्हणाला. "आमची किल्ली तुमच्या कुलपाला बी लागती."

शेवंताला हसावं की रडावं ते कळेना. दिवस मावळायला अजून दोन तास होते. तिनं पोराला उचललं आणि दादाच्या मांडीवर ठेवलं. दोन उशा, पाय जमिनीला टेकलेले, गुडघा खुब्याच्या खाली. मॅडमनी सांगितलं होतं तसं. पोरगं मामाच्या फेट्याचं टोक चावत गप्प बसलं. लिंबाजीनानांनी रबर काढलं आणि वस्तरा फिरवला. नऊ वर्षांची वाट पाहणं आणि अकरा महिन्यांचे केस महिपतीच्या धोतरावर पडले. तो हुंदके देऊन रडला. सासूनंही पदर डोळ्यांना लावला आणि मामाला मानाचा नारळ दिला.

अनसूया आत चूल पेटवायला गेली. महिपती उठला. "चला, निघतो. अंधाराच्या आत बारा किलोमीटर तोडायचंत."

"जेवून जा की," सासू नकळत म्हणून गेली.

"नको. घरला कुणी न्हाई."

त्यानं स्टँडवरची सायकल सावकाश उलटी फिरवली. सकाळी तिचं तोंड दाराकडे होतं, आता रस्त्याकडे केलं. बसला आणि निघाला. पाहुणे ओट्यावर बसून बघत राहिले. एका तासानं तो थांबला, पाय टेकवला, उतरला. मागे वळून पाहतो तर त्याच्या अंगणात बहीण, भाचा, विहीणबाई, लिंबाजीनाना, सगळे बसलेले.

महिपती अनसूयाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "अगं, पाहुणं माझ्याआधी पोचलं. पोटभर वाढ सगळ्यांना. सकाळी मी गेलो तर ह्यांच्या दाराला कुलूप होतं, पाणीसुद्धा मिळालं न्हाई. आपण तसं वागायचं न्हाई."