नावाखालच्या ओळी

“…मग कावळा का शिवत नाही, बाबा? काय राहिलं तिचं?”

गिरीबाबा मठीच्या दारातून नदीकडे बघत बसले.

मांजरा नदीच्या वाळूत पिंड मांडून बराच वेळ झाला होता. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली उतरत नव्हता. भावकी सावलीला सरकली होती, भटजींची चुळबुळ चालली होती. गेलेल्या माणसाच्या मनातलं काही राहिलं असलं की कावळा पिंडाला शिवत नाही, हे विश्वंभर शिराळेला लहानपणापासून ठाऊक होतं. आईला अग्नी द्यायला तो पोचला नव्हता. दहाव्याला पोचला होता.

त्याने हात जोडून एकेक कबूल करून पाहिलं. घराला स्लॅब टाकीन. तुझ्या नावाने शाळेला खोली बांधीन. कावळे जागचे हलले नाहीत.

शेवटी तो ओलेत्यानेच घाटावरच्या मठीत आला. आई इथे नेहमी यायची, तेव्हा बाबांना माहीत असेल.

“तू आता काय काम करतोस रे?” बाबांनी विचारलं.

ही काय विचारायची वेळ होती? पण कामाचं कोणी विचारलं की विश्वंभरची मान आपोआप ताठ व्हायची. ती सुतकातही झाली.

“कंपन्यांना मेलखालच्या सह्या बनवून देतो. नाव, हुद्दा, पत्ता, फोन, कंपनीचं चिन्ह. सगळ्यांचं एकसारखं, रेखीव. मोठमोठ्या कंपन्या आहेत, बाबा. साहेबापासून कारकुनापर्यंत कोणाच्या नावाखाली काय यावं, ते मी ठरवतो.”

“लोक वाचतात ते?”

विश्वंभरला हसू आलं. “खालचं कोणी वाचत नाही. ते दिसायला भारदस्त हवं, एवढंच.”

“तुझी आई वाचून घ्यायची.”

…

आईला कानाने फार कमी ऐकू यायचं. फोन तिच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून विश्वंभरनेच बाबांच्या फोनवर मेलची सोय करून दिली होती. संन्यास घेण्याआधी बाबा गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे; विश्वंभरही त्यांच्याच हाताखालून गेलेला. तो लिहायचा ते बाबा आईच्या कानाशी मोठ्याने, मराठीत सांगायचे.

“मी तर दोनच शब्द लिहायचो,” तो म्हणाला. “‘ठीक आहे.’ वेळच नसायचा हो.”

“वर दोन शब्द. खाली एवढं सगळं. तिला वाटायचं, तेच पत्र.”

बाबांनी डोळे मिटले आणि पाठ म्हणावं तसं म्हणू लागले. “‘मनःपूर्वक शुभेच्छांसह, विश शिराळे.’ नाव निम्मंच का, म्हणून विचारायची. मी म्हटलं, शहरात जागा कमी असते… ‘हा मेल छापण्याआधी झाडांचा विचार करा.’ तर म्हणाली, विशूने झाडांचं विचारलंय. दारातलं लिंबू वाळायला लागलं होतं. सगळा उन्हाळा तिने त्याला डोक्यावरून पाणी आणून घातलं.”

विश्वंभरची मान खाली गेली.

“‘हा मजकूर ज्याच्या नावे आहे, फक्त त्याच्यासाठीच आहे.’ ही ओळ आली की बाकीच्या बायांना मठीबाहेर काढायची. लेकाने माझ्या एकटीसाठी लिहिलंय म्हणायची.”

“त्याच्या पुढे… काही नुकसान झाल्यास…”

“पाठवणारा जबाबदार नाही. ते मी तिला कधी सांगितलं नाही.”

विश्वंभरचं धोतर अंगावरच वाळत चाललं होतं.

“पण तिने मला कधी काही लिहिलं नाही,” तो म्हणाला. आवाजात थोडा राग होता, आणि तो नेमका कोणावर हे त्यालाही कळत नव्हतं. “दर वेळी तेच. ‘मी बरी आहे, काळजी नसावी.’ काही हवं होतं तर सांगायचं होतं. निदान तुम्ही तरी कळवायचं.”

“तिने लिहिलं होतं.”

“कुठे?”

“तू लिहायचास तिथेच. म्हणाली, विशू वर थोडकंच लिहितो, खरं ते नावाखाली लिहितो. शहराची तीच रीत असेल. मलाही तसंच करून द्या.”

विश्वंभरने फोन काढला. आईचा शेवटचा मेल. मी बरी आहे, काळजी नसावी. त्याखाली करड्या रंगाची तीन टिंबं. दर मेलखाली तोच मजकूर आला की यंत्र तो टिंबांमागे दुमडून ठेवतं, हे त्याला माहीत नसेल तर कोणाला असणार? गिऱ्हाइकांना तो हेच समजावत फिरायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. आईच्या मेलखालची टिंबं त्याने कधी दाबली नव्हती.

त्याने दाबली.

*अनुसया शिराळे.*
*विशूची आई.*
*पत्ता तोच. दार लोटलेलं असतं, कडी नसते.*
*लिंबू जगलं.*
*आता डोळ्यांनाही कमी दिसतं. दिसतंय तोवर एकदा येऊन जा.*

त्याने आधीचा मेल उघडला. त्याच्या आधीचा. पार मागच्या दिवाळीपर्यंत गेला. प्रत्येकाखाली हेच होतं, आणि प्रत्येकाला त्याचं उत्तर होतं. ठीक आहे.

“तुझं ‘ठीक आहे’ आलं,” बाबा म्हणाले, “की ती घरी जाऊन सडा घालायची.”

विश्वंभर मठीच्या पायरीवर बसला आणि रडला. बाबांनी त्याला थांबवलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “गुरुजी…” शाळा सुटल्यापासून त्याने त्यांना अशी हाक मारली नव्हती. “मला तिला उत्तर लिहायचंय.”

गेलेल्या माणसाला कसलं उत्तर, असं बाबा म्हणाले नाहीत.

त्याने उत्तराची जागा उघडली. त्याची सही तिथे आपसूक येऊन बसली होती, चिन्हासकट, रेखीव. त्याने चिन्ह पुसलं. हुद्दा पुसला. पत्ता पुसला, झाडांची ओळ पुसली, निम्मं नाव पुसलं. पांढऱ्या जागेत वर बोट टेकवून तो ‘आई’ लिहिणार, तेवढ्यात बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“वर नको,” ते म्हणाले. “खाली लिही. ती खालूनच वाचायला लावायची.”