निर्मळ पानांची रोपं

“कुठं गेला म्हणालास?”

गंगाक्कांनी हे विचारलं तेव्हा त्या मठाच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

जयसिंगानं पुन्हा सांगितलं. वर्षानुवर्षं मठातच राहिलेल्या धाकूतात्याला त्यानं सकाळीच मठ सोडायला सांगितलं होतं. तात्या हूं की चूं न करता उठला, वळकटी बांधली आणि घाट उतरून एसटीच्या थांब्याकडे गेला. दुपारची गाडी त्याला मिळेल.

“मिळेल...” आक्का म्हणाल्या आणि सुपातला एक खडा बाजूला टाकला.

मठ लहानसाच. घाटमाथ्यावरचा, अर्धं वर्ष धुक्यात बुडालेला. आक्का आता थकल्या होत्या. दसऱ्याला सगळा कारभार जयसिंगाच्या हाती जायचा होता, आणि हाती येण्याआधीच त्याला तो लख्ख हवा होता.

जयसिंग ऊसपट्ट्यातला, शेतकी शिकलेला, कामाला वाघ. गोठा, विहीर, पोथ्यांचं कपाट, जिथं हात लावला ते त्यानं सरळ करून ठेवलं. स्वतःला हात लावायला मात्र त्याला अजून सवड मिळाली नव्हती.

“का घालवलास त्याला?”

“बिड्या ओढतो.”

“बरं. आणखी?”

“भजनात सूर सोडून गातो. आलेल्या माणसाला उलट बोलतो.”

“आणखी?”

जयसिंगानं सुपाबाहेर पडलेले दोन दाणे उचलून आत टाकले.

खरं कारण परवाच्या गुरुवारचं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

मठाच्या मागे आक्कांचं एक झुडूप आहे. आक्का तरुणपणी नवऱ्याबरोबर आफ्रिकेत, टांगानिकाच्या डोंगरात, कॉफीच्या मळ्यावर राहिल्या. नवरा गेल्यावर परत आल्या त्या पदराच्या गाठीला मूठभर काळी फळं बांधून. त्यातलंच हे एक रुजलं. कॉफीच्याच घराण्यातलं, तिची मावसबहीण म्हणा. पानं समोरासमोर, जोडीजोडीनं. उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांचे गेंद येतात. सुईसारखी बारीक नळी, वर चार पाकळ्या आणि मधून लांब बाहेर आलेली एक दांडी.

या दांडीची गंमत आक्कांनी जयसिंगाला दाखवली होती. कळी मिटलेली असतानाच पराग त्या दांडीला चोपडून ठेवलेले असतात. फूल उमललं की ती ते बाहेर धरते, संध्याकाळी पाखरं येऊन घेऊन जातात. सगळं देऊन झालं की मग तिचं टोक उघडतं, दुसऱ्या फुलाचं घ्यायला.

जयसिंगाला दृष्टांत आयताच मिळाला. गुरुवारी शहरातली माणसं आली होती. त्यांच्यापुढे तो ‘आधी द्यावे, मग घ्यावे’ यावर बोलायला बसला तो बोलतच राहिला. चुलीवरची आमटी आटली. लहान मुलं आयांच्या मांडीवर झोपली.

तेव्हा मागच्या खांबाशी बसलेला धाकूतात्या म्हणाला, “जयसिंगा, तू मगाधरनं देतोयसच. घेणार कवा?”

लोक खो खो हसले. आक्काही हसल्या, आणि जयसिंगाला ते फार लागलं.

“लोक हसले,” तो शेवटी म्हणाला.

आक्कांनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

“चल. तुझी रोपं दाखव.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

मागच्या आवारात जयसिंगाच्या रोपांची ओळ होती. तो त्यांना निर्मळ रोपं म्हणे. त्याचं असं झालं होतं की, आक्कांच्या झुडपाच्या पानापानावर त्याला मोहरीएवढे काळे ठिपके दिसले. एक पान सुटलेलं नव्हतं. रोग म्हणून त्यानं औषधं फवारली, ठिपके हलले नाहीत. मग गेल्या वर्षी त्यानं फळं गोळा केली आणि उसाच्या बेण्याला देतात तशी बियांना पातेल्यात गरम पाण्याची प्रक्रिया दिली. बी रुजलं. पानं आली ती हिरवीगार, एकही ठिपका नसलेली. येईल त्या पाहुण्याला तो हाताला धरून मागे नेई आणि ती पानं उलटसुलट करून दाखवी.

पुढे मात्र रोपं अडली. वीतभरही झाली नाहीत. पानं आक्रसली, शेंडे मुरगळून बसले. जयसिंगानं माती बदलली, शेणखत घातलं, सावली केली. जमीनच वाईट, असं त्यानं ठरवलं होतं.

आक्कांनी त्या ओळीकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. जुन्या झुडपाच्या बुडाशी, पडल्या फळांतून आपोआप रुजलेली रोपं होती. गेल्या वर्षीचीच, त्याच मातीतली. ती गुडघ्यापर्यंत आली होती. त्यांच्या पानांवर मोहरी उधळल्यागत ठिपके होते.

आक्का तिथं खाली बसल्या. एका रोपाचा शेंडा त्यांनी दोन बोटांत धरला. समोरासमोरच्या दोन देठांमध्ये, जिथं नवी पानं निघायची असतात, तिथं एक इवलीशी टोपी असते. ती त्यांनी नखानं अलगद उचलली.

“इथं बोट लाव.”

जयसिंगानं लावलं.

“काय लागलं?”

“चिकट आहे काहीतरी.”

“त्यात ते राहतात.”

“कोण?”

आक्कांनी मग सांगितलं. मळ्यावर झाडांचा एक डॉक्टर येत असे. त्यानं एकदा हे पान काचेखाली धरून त्यांना दाखवलं होतं. ठिपका म्हणजे घर, आणि एकेका घरात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव. टोपीखालच्या चिकात ते दबा धरून असतात. पान कोवळं असतानाच त्यात शिरतात, झाडही त्यांना जागा करून देतं. कळीत जातात, फळात जातात, आणि बियांबरोबर पुढच्या रोपात येतात.

“म्हणजे जिवाणू,” जयसिंग म्हणाला. शिकलेलं आठवून त्याला जरा धीर आला. “हरभऱ्याच्या मुळावर गाठी असतात, तसे?”

“तसेच काहीसे. झाडाला ते नेमकं काय देतात, ते त्या डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. एवढंच म्हणायचा, ते गेले तरी झाड लगेच मरत नाही...”

“मग?”

“वाढत नाही.”

जयसिंगानं मान वळवून आपल्या ओळीकडे पाहिलं. वर्षभर ज्याला जमिनीचा दोष म्हटलं तो त्याच्या पातेल्यातला होता.

“मी गरम पाण्यानं त्यांना...”

आक्कांनी नखाला लागलेला चिक पदराला पुसला.

“आता परत घालता येतील? या रोपांत?”

“नाही.”

“काहीच उपाय नाही?”

“त्यांना बियांतूनच यावं लागतं, बाळा.”

धुकं चढू लागलं होतं. कुणीतरी गोठ्यात गाईला हाक मारली. जयसिंग रागावला. त्याचा राग नेहमी थोडा उशिरानं यायचा.

“तुम्हाला ठाऊक होतं. मी बी पाण्यात घातलं तेव्हाही ठाऊक होतं. मला सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कुठं? तू मला सांगत होतास.”

हे खरं होतं. पातेलं चुलीवर चढवून त्यानं आक्कांना रोगराईवर चांगलं लांबलचक सांगितलं होतं, आणि आक्कांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. आता आठवून त्याचे कान तापले. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

आणि मग त्याला सकाळचा धाकूतात्या आठवला. ‘जा’ म्हटल्यावर तो भांडेल, आक्कांकडे धावेल असं जयसिंगाला वाटलं होतं, त्यानं उत्तरंही जुळवून ठेवली होती. तात्यानं नुसती वळकटी आवळली. गाठ बसेना तेव्हा दातांनी ओढली. त्याला गाव नव्हतं, भाऊबंद नव्हते. गाडीत बसून तो उतरणार कुठं, हे जयसिंगानं विचारलंसुद्धा नव्हतं.

घाटाच्या खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. गाडी अजून वर चढत होती. थांब्यापर्यंत यायला तिला वेळ होता, पण फार नव्हता.

जयसिंग ताडकन उठला.

“आक्का, मी जातो. गाडीच्या आधी गाठतो त्याला. पाया पडेन. म्हणेन, चुकलं माझं, चल परत. बिड्या ओढ, बेसूर गा, काही कर. मी तुला मठात ठेवून घेतो.”

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. आपलं मन एवढं मोठं आहे, हे त्याला नव्यानंच कळत होतं. चप्पल न घालताच तो निघाला आणि फाटकापर्यंत पोचलाही.

“जयसिंगा...”

तो थांबला.

“तसं म्हणू नकोस त्याला.”

“मग काय म्हणू?”

आक्का अजून त्या रोपाजवळच बसल्या होत्या. उचललेली टोपी त्यांनी बोटानं पुन्हा जागेवर बसवली.

“विचार त्याला,” त्या म्हणाल्या, “तो तुला ठेवून घेतो का.”