भिवरा सुईणीची चाकोरी

डोंगराच्या पोटाशी बेटवाडी नावाचं गाव आहे. तिथली ही गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. गावात दवाखाना नव्हता, घाटातून बैलगाडी उतरत नव्हती आणि बाई बाळंत व्हायची ती घराच्या अंधाऱ्या खोलीत, भिवराच्या हातावर. एवढी जुनी.

भिवरा जातीनं बुरूड. वेळू तासायची, सुपं-टोपल्या विणायची आणि सुईणपणही करायची. बाईला बसणं म्हणून माहीत नव्हतं. जेवतानासुद्धा अर्धी उठलेली. बोलायला कुणी थांबवलं तर बोटं पदराच्या काठाशी विणकाम करत राहायची. असं म्हणतात, त्या काळात बेटवाडीतलं एकही माणूस असं नव्हतं, की ज्याची पहिली रात्र भिवराच्या सुपात गेली नाही.

तिची एक रीत होती. पोर बाहेर आलं की एका हातात दोन्ही पाय धरायचे, डोकं खाली सोडायचं, एक झटका आणि पाठीवर एक थाप. पोर बोंबलायचं. बाहेर बसलेल्या बायका म्हणायच्या, "ऐकलं का, भिवराची थाप पडली." तिला त्याचा गर्व होता. का नसावा? तिच्या आईची तीच रीत, आजीची तीच.

शिर्क्यांच्या घरात धोंडजी शिर्क्याची बायको हौसा, लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, भर दुपारी बाळंत झाली. मुलगी. पोर बारीक होतं, पण अंग गुलाबी होतं. भिवरानं पाय धरले, उलटं केलं, झटका दिला.

आणि आवाज आला. वेळूची वाळलेली कामटी मोडावी तसा.

जन्मभर वेळू मोडलेल्या बाईला तो आवाज कळायला वेळ लागत नाही. पोर रडलं, पण ते भुकेचं रडणं नव्हतं, जन्माचंही नव्हतं. उजवी मांडी मधोमध वाकली होती. जिथं सांधा नसतो तिथं.

हौसाची सासू आवडाबाई दारातच उभी होती. ही बाई एका पायानं तिरकी चालायची आणि गावाला सरळ चालवायची. ती आत आली, बघितलं आणि ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"भिवरे, माझ्या नातीची मांडी मोडलीस."

"थोरल्या बाई, मी नेहमीसारखंच—"

"नेहमीसारखं मला सांगू नको. एकवीस दिवस देते. एकविसाव्या दिवशी पोरीनं हा पाय झाडला तर ठीक. नाही झाडला तर तुझे हात ह्या गावातल्या बाळंतिणीला लागायचे नाहीत. आणि हौसा, तू लंगडी पोर घेऊन माहेरी जायचं. लंगडी ह्या घरात एक आहे तेवढी बास."

हौसा बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "आत्याबाई, तिची काय चूक? आठ वर्षांनी आलीय हो."

आवडाबाईनं तिच्याकडे पाठ फिरवली. उत्तर द्यायची तिला सवय नव्हती.

भिवरानं चार कामट्या तासल्या, कापूस लावला आणि मोठ्या माणसाचा पाय बांधतात तसा तो बोटभर पाय सरळ करून बांधला. पोर काळंनिळं पडलं. पाय सरळ राहीना, वर वर ओढला जाई. दूध तोंडात घेईना. आवडाबाईनं भिवराला खांदा धरून बाहेर काढलं. "अंगणात थांब. हाक मारली तर ये."

भिवरा थांबणार कशी? ती घराभोवती चालायला लागली. ह्या भिंतीशी कान, त्या भिंतीशी कान. पोर रडलं की पावलं भरभर पडायची आणि गप्प झालं की त्याहून भरभर. असं म्हणतात, पहिल्या दिवशी तिनं शंभर फेऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवसाच्या मोजायला कुणाला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फेरी अर्धी टाकून घरी गेली, हातांना काहीतरी काम हवं म्हणून. सुपाच्या काठासाठी ओला वेळू वाकवून दोरीनं बांधून ठेवला होता, तो वाळून बाक धरून बसला होता. तिनं दोरी सोडली, वेळू सरळ करून बघितला. सोडला की परत वाकला. पुन्हा सरळ केला. पुन्हा वाकला.

ती तशीच धावत शिर्क्यांच्या घरी आली आणि हाकेची वाट न बघता आत घुसली.

"सोडा, सोडा त्या कामट्या! नऊ महिने पोर पोटात मुडपून होतं. तिच्या मांडीला तेवढंच ठाऊक. आपण कोण तिला सरळ करणार?"

तिनं कामट्या काढल्या, मांडी हळूच पोटाकडे दुमडू दिली, जशी ती आपणहून जात होती तशी, आणि हौसाच्या जुन्या लुगड्याच्या मऊ पट्टीनं पोटाशीच बांधून टाकली. पोर हुंदके देत राहिलं, मग थांबलं. मग दूध प्यालं. हौसा रडायला लागली तेव्हा आवडाबाई म्हणाली, "रडू नको, दूध आटेल." आणि भिवराकडे वळून, "बाहेर."

भिवरा परत फेरीला लागली. दिवस उगवला की यायची, दिवे लागणीला जायची. लोक हसायचे. कुणी म्हणायचं, "भिवरे, घाण्याला जुंपलंय का तुला?" ती चालत राहायची. तिच्या डोक्यात दुसरंच काही फिरत होतं. तिला कुंभाराची सून आठवत होती. बारा वर्षांपूर्वी त्या सुनेचं पोर असंच मांडी मोडून रडून रडून गेलं होतं. तेव्हा चावडीवर भिवरालाच विचारलं होतं आणि भिवरानंच सांगितलं होतं, बाई झोपेत पोरावर पडली असेल. सुनेला घालवून दिली. भिवरा त्या दिवशी घरी येऊन भाकरी खाऊन झोपली होती. आता तो घास बारा वर्षांनी घशात आला.

दहाव्या दिवशी आवडाबाईनं शेजारच्या गावची न्हाऊ घालणारी बोलावली. धट्टीकट्टी बाई. पाटावर बसून तिनं पाय लांब केले, पोर पायांवर घेतलं, तेल लावलं. उजव्या पायाला हात लावायचा नाही हे तिला बजावलं होतं. नाही लावला. पण डावा हात आणि डावा पाय कुणी बजावला नव्हता. पोराचं अंग मोकळं व्हायला हात एकीकडून आणि पाय दुसरीकडून ओढून पोटावर फुली करतात, तशी तिनं हलकेच फुली केली.

पुन्हा तोच आवाज.

ह्या वेळी भिवरा भिंतीच्या बाहेर होती आणि तिचे हात तिच्याच पदरात होते. ती आत आली. न्हाऊ घालणारी म्हणत होती, "मी जोर लावला नाही, देवाशपथ, फुलासारखी धरली होती." डावी मांडी वाकली होती.

कुणी कुणाकडे बघेना. भिवराला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटत असेल. नाही झाला. तिनं दोन्ही तळवे पोराच्या अंगाखाली सरकवले, एक डोक्याखाली, एक कुल्ल्यांखाली, आणि भरलेलं ताट उचलतात तसं तिला उचललं. अंगणात उन्हाला आणली. पोरीनं डोळे किलकिले केले आणि भिवराला दिसलं, की डोळ्यांतला पांढरा भाग पांढरा नाहीच. गोकर्णाचं फूल पाण्यात चुरल्यावर पाणी जसं होतं तसा निळसर.

तिनं मान वर केली. समोर आवडाबाई उभी, ऊन तोंडावर. तेच डोळे. तीस वर्षं गावानं त्या डोळ्यांना घाबरून खालीच बघितलं होतं. रंग कोण बघतो! बाजूला धोंडजी, त्याचेही तेच. लहानपणी त्याचा हात दोनदा मोडला होता, पण झाडावर चढणाऱ्या पोराचा हात मोडला की कुणी डोळे तपासत नाही.

भिवरानं सगळ्यांसमोर विचारलं, "थोरल्या बाई, तुमचा पाय कुणी मोडला होता?"

धोंडजी म्हणाला, "ए भिवरे, तोंड सांभाळ. आई झाडावरून पडली होती."

"तू गप," आवडाबाई म्हणाली. तिनं आपल्या तिरक्या पायाकडे बघितलं. मग म्हणाली, "झाडावरून नाही. तान्ही होते. लोक म्हणाले, आईनं मोडला, मुलगी झाली म्हणून. तिला घरातून काढली. मी तिचं तोंड बघितलेलं नाही." पदरानं तोंड पुसलं. "साठ वर्षं मी तिला शिव्या देत आले."

"तिनं नव्हता मोडला," भिवरा म्हणाली. "हाडच कच्चं. पोटातूनच कच्चं आलेलं. तुमचं, तुमच्या लेकाचं, हिचं."

"म्हणजे तूपण नाही मोडलास."

इथं भिवराला सुटता आलं असतं. तिनं मान हलवली. "नाही बाई. हाड कच्चं होतं, पण झटका माझा होता."

असं म्हणतात, आवडाबाई तेव्हा अंगणातच मातीत बसली. गावासमोर ती कधी खाली बसली नव्हती. दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "कसं धरायचं ते दाखव."

भिवरानं दाखवलं. दुसरी मांडीही पोटाशी बांधली. मग तिनं एक सूप विणलं, असं की त्याला कुठं गाठ नाही, कुठं टोक नाही, आत शेवरीचा कापूस. पोरीला हात न लावता उचलायचं ते त्या सुपासकट. एकविसाव्या दिवशी उजव्या पायाची पट्टी सोडली. सगळं घर भोवती. पोर पडून राहिलं. हौसानं डोळे मिटले. आणि पोरीनं पाय झाडला, तो थेट आजीच्या हनुवटीवर. आवडाबाई म्हणाली, "माझ्यावरच गेलीय मेली."

हौसा माहेरी गेली नाही. डावी मांडीही पुढं जुळली. पोरीचं नाव वेळू ठेवलं. मोठी होईपर्यंत ती नऊ वेळा मोडली आणि नऊ वेळा भिवरानं जोडली. पाय वाकडेच राहिले, पण वेळूनं सुपात बसून सुईणपण शिकून घेतलं. चार बाया तिला सुपासकट बाळंतिणीच्या घरी उचलून नेत. तिच्या हातून एकाही पोराचं हाड मोडलं नाही, असं म्हणतात.

भिवरा मात्र थांबली नाही. तिच्या पायांना चैन कुठली! खोऱ्यातल्या गावागावांत जायची, दारात उभी राहायची आणि सांगायची, "पोराला पाय धरून उचलू नका. न्हाऊ घालण्याआधी उन्हात डोळे बघा." लोक वेडी म्हणायचे. ती पुढच्या दारात जायची. कुंभाराची सून तिला सापडली की नाही ह्याबद्दल गावात दोन मतं आहेत. कुणी म्हणतं, सापडली आणि तिनं दार लावून घेतलं. कुणी म्हणतं, सापडलीच नाही, म्हणून भिवरा चालत राहिली. शेवटी ती डोंगरावरच्या वेळूच्या बेटात शिरली ती बाहेर आली नाही. तिच्या काखेतलं सूप तिथं पडलं, त्याला कोंब फुटले आणि त्या कोंबांचं रान झालं. वादळात सगळा डोंगर मोडतो, त्या रानातला वेळू वाकतो आणि परत उभा राहतो. जाऊन बघा, माझ्यावर विश्वास नसेल तर.

शिर्क्यांचं घर आता नाही. जोतं आहे. जोत्याभोवती पायांनी पडलेली चाकोरी आहे, तिच्यात गवत उगवत नाही. बेटवाडीत अजून बाराव्या दिवशी, नाव ठेवायच्या आधी, पोराला सुपात घालून त्या चाकोरीतून फिरवतात. सूप आईनं धरायचं नाही, सासूनं धरायचं. एक फेरी झाली की उन्हात पोराचे डोळे बघायचे. डोळे निळे असोत की पांढरे, सासूनं गावासमोर मोठ्यानं म्हणायचं, "ह्या पोराला काही झालं तर आईला बोल लावणार नाही."

पुटपुटून चालत नाही. पुटपुटली तर म्हाताऱ्या बाया ओरडतात, "ऐकू आलं नाही!" आणि तिला पुन्हा फेरी घालावी लागते. नीट ऐकू आलं की मगच दोन तळवे पोराच्या अंगाखाली जातात, आणि पोर वर उचललं जातं.