इंजिनामागची नळी

एकदा एक जुनी मोटार दौलत मिस्त्रींच्या गॅरेजसमोर धापा टाकत येऊन उभी राहिली. बोनेटच्या फटींतून वाफ निघत होती आणि मागे, पार चढापर्यंत, रस्त्यावर पाण्याची ओली रेघ उमटली होती.

दौलत मिस्त्री हे त्या घाटमाथ्यावरचे ज्येष्ठ कारागीर. वार्धक्यामुळे त्यांच्या बोटांचे सांधे सुजले होते, म्हणून पाना आता त्यांचा शिष्य शिवदास धरत असे. शिवदास हुशार होता, कष्टाळू होता. एकच उणीव होती. काम अडलं की त्याच्यापाशी एकच उपाय असे, तो म्हणजे जोर.

मोटारीतून भुजंगराव कासार उतरले. त्यांच्या शेजारच्या सीटवर त्यांच्या पत्नी चंद्राबाई बसलेल्या होत्या. त्या उतरल्या नाहीत. त्यांनी कुणाकडे पाहिलंही नाही.

हे दांपत्य उभी हयात याच मोटारीतून बाजार आणि जत्रा करत हिंडलं होतं. मागे बांगड्यांच्या पेट्या, पुढे दोघं. भुजंगराव गाडी चालवत आणि चंद्राबाई बांगड्या भरत. त्या मुलखातल्या कितीतरी नववधूंचा चुडा त्यांच्या हातांनी भरलेला होता. पण अलीकडे त्यांना विस्मृतीच्या व्याधीनं ग्रासलं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग घराची वाट गेली, आणि शेवटी शेजारी झोपणारा माणूस कोण हेही त्यांना उमगेनासं झालं. कुणी अंगाला हात लावला की त्या किंचाळत. दिवसभर घरात येरझाऱ्या घालत. शांत होत त्या केवळ या मोटारीत. संध्याकाळी भुजंगराव त्यांना एक फेरी मारून आणत, आणि मग कुठे त्या चार घास खात.

"मिस्त्री," भुजंगराव म्हणाले, "रोज सकाळी पाणी भरतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं गळून जातं. दोन गॅरेजवाल्यांनी बघितली. म्हणाले, गळती इंजिनाच्या पाठीमागं आहे, तिथं हात पोचत नाही. गाडी भंगारात घाला म्हणाले. काल घाटात बंद पडली आणि ही घाबरून अशी ओरडली की माणसं गोळा झाली. त्यांना वाटलं, मी हिला मारतोय."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "भाचा म्हणतोय, शहरात अशा माणसांसाठी एक आश्रम आहे, तिथं ठेवा. आजवर मी नाही म्हणत आलो. पण ही गाडी जर होणार नसेल, तर मी हो म्हणणार आहे. माझ्यानं आता रेटवत नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. मोटार फणसाच्या सावलीत ढकलून घेतली आणि इंजिन निवेपर्यंत तिला हात लावू दिला नाही. भुजंगरावांनी चंद्राबाईंना उतरवायला त्यांचं मनगट धरलं, तशा त्या कळवळून ओरडल्या.

"राहू द्या, राहू द्या," मिस्त्री म्हणाले. "बसू दे तिला तिथंच. आमचं काय अडत नाही."

इंजिन निवल्यावर शिवदासनं बोनेट उघडलं. बॅटरी काढली, हवेच्या गाळणीचा डबा काढला, आड येणाऱ्या पट्ट्या सोडवल्या. मग छोटा आरसा आत धरून विजेरीच्या उजेडात पाहिलं. इंजिन आणि पाठीमागची पत्र्याची भिंत यांच्या मधल्या अंधारात, अगदी खाली, एक वळलेली रबरी नळी होती. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं ती लाकडासारखी कडक झाली होती आणि वळणावर तिला चीर गेली होती. इंजिन तापलं की चीर उघडे आणि पाणी वाहू लागे.

"दिसली, मिस्त्री. पण फट केवढीशी आहे बघा."

"हात घालून बघ."

शिवदासनं बाही वर सारली आणि हात आत घातला. बोटं गेली आणि मूठ अडली. त्यानं दात आवळले, खांदा लावला, जोर केला. पत्र्याच्या कडेनं कातडी सोलून निघाली. पुन्हा प्रयत्न केला. हात सुजू लागला, आणि जी बोटं मघाशी जात होती तीही आता जाईनात. त्यानं पाना आपटला.

"इंजिन उचलल्याशिवाय हे होणार नाही!"

"बोल्ट गंजलेत. एक जरी तुटला तरी ह्या गाडीचा सुटा भाग आता कुठं मिळायचा नाही," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "मग गाडी इथंच राहील."

भुजंगराव बाकड्यावर बसून हे ऐकत होते. त्यांनी नुसते दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवले, आणि शिवदासनं नजर दुसरीकडे वळवली.

मग मिस्त्रींनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी चुलीवरचं कोमट पाणी तांब्यात घेतलं, साबण दिला आणि म्हणाले, "शिवदास, हात स्वच्छ धू. आणि चंद्राकाकींच्या शेजारी जाऊन बस. हात त्यांच्यापुढं धर."

शिवदासला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मिस्त्री, काम अर्धं उघडं पडलंय. आता काय बसायची वेळ आहे?"

"बस म्हणतो ना."

भुजंगराव घाईनं उठले. "नको हो मिस्त्री, ती अंगाला हात लावू देत नाही. चावेल त्याला."

"आपण लावायचाच नाही. नुसता पुढं धरून ठेवायचा," मिस्त्री म्हणाले.

शिवदास मनातून चरफडत होता, पण गुरूचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. तो दुसऱ्या बाजूनं जाऊन चालकाच्या सीटवर बसला आणि सोललेला, सुजलेला उजवा हात त्यानं चंद्राबाईंसमोर धरला. त्या काचेबाहेर पाहत राहिल्या. हात अवघडला. फणसाची पानं टपावर पडत होती. शिवदासनं एकदा मिस्त्रींकडे पाहिलं, मिस्त्रींनी डोळ्यांनीच सांगितलं, थांब.

कितीतरी वेळानं चंद्राबाईंची नजर वळली. आधी ती त्या हातावर नुसती टेकली. मग त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली. त्यांनी तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"काय गं हा हात," त्या म्हणाल्या. "केवढा ताठ केलायस."

बाकड्याजवळ उभे असलेले भुजंगराव जागच्या जागी थिजले.

"कुणाची तू? माहेर कुठलं?"

शिवदास गोंधळला. मग अगदी हळू म्हणाला, "वरच्या वाडीचं."

"आई आली न्हाई सोबत?"

"न्हाई. घरी आहे."

"मग तिकडं लक्ष लागलंय तुझं. म्हणून हात असा झालाय." बोलता बोलता त्यांची बोटं चालू झाली होती. त्यांनी शिवदासचा अंगठा तळव्यात दुमडला, करंगळीची बाजू आत वळवली, आणि बोटांच्या मुळाशी असलेली हाडं एकेक करून दाबत, चोळत सैल केली. सोललेल्या जागेला त्यांनी धक्कासुद्धा लागू दिला नाही. "भिऊ नको. ताठ हातात बांगडी वाढते, बाई. माझ्याकडं बघ. काय जेवलीस सकाळी?"

कासाराच्या तोंडी बांगडी फुटली असं कधी येत नाही, ती वाढते. या शब्दाचा त्या माउलीला विसर पडला नव्हता.

"भाकरी," शिवदास म्हणाला. "आणि वाटाण्याची उसळ."

"आईच्या हातची?"

"हो."

त्याला आईचा चुलीपुढचा चेहरा आठवला असावा. खांद्यापासूनचा त्याचा सगळा ताठा केव्हा उतरला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. चंद्राबाईंनी न दिसणारी एक बांगडी त्याच्या दुमडलेल्या हातावरून अलगद सारली, मनगटावर आणून सोडली आणि म्हणाल्या, "झालं. बघ, कळलं तरी का?"

शिवदास आपल्या हाताकडे पाहत राहिला. तो मिटल्या कळीसारखा निमुळता झाला होता.

तो तसाच उतरला. बोनेटवर ओणवा झाला, डोळे मिटले, अंगठा तळव्यात दुमडला आणि घाई न करता हात आत सोडला. पत्र्याची कड बोटांच्या मुळांना लागली, तेव्हा तो थांबला. श्वास सोडला. हात थोडा वळवला. आणि हात आत गेला.

"मिस्त्री," तो कुजबुजला, "नळी लागली हाताला."

पुढचं काम सोपं नव्हतं. चाचपडत क्लॅम्पचा स्क्रू शोधायचा, आखूड पेचकसानं तो किंचित किंचित फिरवायचा, कडक झालेली नळी पात्यानं उभी चिरून सोलून काढायची. पेचकस निसटून खाली पडला, तो तारेनं ओढून काढावा लागला. गॅरेजातल्याच साध्या रबरातून मापानं कापलेली नवी नळी वळणावर बसेना, तेव्हा मिस्त्रींनी ती गरम पाण्यात धरून मऊ करून दिली. एरवी अशा वेळी शिवदासच्या तोंडून शिव्या बाहेर पडत. त्या दिवशी तो गप्प होता. हात अडला की तो थांबे, सैल सोडी, आणि पुन्हा वाट शोधी.

ऊन कललं तेव्हा सगळं जागच्या जागी बसलं होतं. रेडिएटरमध्ये पाणी आणि कूलंट भरलं, इंजिन चालू केलं, आतली हवा निघून जाऊ दिली. इंजिन चांगलं तापल्यावर शिवदासनं पुन्हा हात आत न घालता आरसा धरून पाहिलं, आणि खाली कोरडा कागद अंथरला. कागद कोरडाच राहिला.

भुजंगराव गाडीजवळ आले. चंद्राबाई पुन्हा काचेबाहेर पाहू लागल्या होत्या.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तिनं कुणाला काही विचारलं, त्याला किती दिवस झाले असतील... मला वाटलं होतं, आत आता कुणी उरलंच नाही."

तेवढ्यात शिवदास खिडकीपाशी गेला. बांगड्या भरून झाल्या की बाया कासारणीला वाकून नमस्कार करतात, हे त्यानं लहानपणी आईबरोबर पाहिलं होतं. तो तसा वाकला. चंद्राबाईंनी त्याच्या तेलकट केसांवर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणाल्या, "जन्मसावित्री हो, पोरी."

मिशीवाल्या शिवदासनं तो आशीर्वाद खाली मान घालून घेतला. भुजंगरावांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

भाच्याला त्यांनी नकार कळवला. चंद्राबाई बऱ्या झाल्या असं नाही. त्यांनी नवऱ्याला पुन्हा कधी नावानं हाक मारली नाही. पण भुजंगरावांनी त्यांचं मनगट ओढणं सोडलं. अंघोळीच्या वेळी, जेवणाच्या वेळी ते त्यांच्यासमोर बसत आणि आपला हात पुढे धरून ठेवत. कधी तो हात तसाच राही. कधी त्या तो मांडीवर घेत, चोळत, माहेरची विचारपूस करत, आणि मग त्याच हाताला धरून उठत.

हे सारं पुढचं. त्या दिवशी मोटार वळणापल्याड दिसेनाशी झाली, तेव्हा शिवदासनं विचारलं, "मिस्त्री, हे तुम्हाला कसं सुचलं?"

मिस्त्री हत्यारं पुसत होते. म्हणाले, "माझ्या थोरलीच्या लग्नात या चंद्राबाईनंच चुडा भरला. पोरगी रडून रडून बेजार झाली होती, हात दगडासारखा घट्ट. बांगड्या बारीक मापाच्या. मी दारात उभा राहून बघत होतो. हिनं एकदाही ओढलं नाही. माहेर विचारलं, मैत्रिणी विचारल्या, आणि हात आपोआप लहान होत गेला. मी जन्मभर इंजिनांत हात घातले, पण हात लहान कसा करायचा ते त्या दिवशी कळलं. तुला मी तोंडानं सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस, पण हाताला कळलं नसतं. आज तू जेवढा जोर केलास तेवढा तुझा हात सुजला, आणि वाट होती तेवढीच राहिली. भुजंगरावांचंही तेच चाललं होतं. बायको हाताला लागत नाही म्हणून तो बिचारा तिला ओढत होता. वाट बुजली होती असं नाही रे. मूठ प्रेमाचीच, पण ती मोठी झाली होती."

शिवदास म्हणाला, "पण त्या हात धरतील, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं."

"आणि धरला नसता तर?"

"तर तू अजून थोडा वेळ बसला असतास," मिस्त्री म्हणाले. "हात पुढं करून बसायला आधी काही ठाऊक असावं लागत नाही."

शिवदासनं विजेरी बंद केली, आरसा पुसून कप्प्यात ठेवला, आणि गुरूंच्या सुजल्या बोटांतला जड पाना हळूच आपल्याकडे घेतला.

आपल्या घरीही एखादं माणूस असतं, ज्याच्यापर्यंत आपला हात पोचत नाही. त्याच्यापुढे आज थोडा वेळ नुसतं बसून पाहावं.