पाखरू आणि सोंडा

फार पूर्वी काशीदेशात उग्रदत्त राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता.

तिथे एक रीत होती. पेरणी आली की राजाने बियाण्याच्या कणग्या स्वतः उघडायच्या आणि जी निर्मळ दिसेल तिच्यातला गहू गावोगाव वाटायचा. त्या वर्षी कोठारात दोनच कणग्या होत्या. पहिलीचे झाकण निघाले तशी भसाभस पाखरे उडाली. एक राजाच्या मिशीत शिरले. राजा शूर खराच, पण शत्रू मिशीत आल्यावर तलवार चालवायची कुठे? तो मागे सरला. पुरोहित तर त्याच्याही आधी दारापर्यंत पोचला होता.

दुसऱ्या कणगीतून काहीच उडाले नाही. राजा म्हणाला, हीच पेरा. पहिली जाळा आणि कोठारी नंदियाला सीमेपार हाकला. नंदियाने राजाचे पाय धरले. बायको दिवस भरलेली, तिला घेऊन जायचे कुठे? बोधिसत्त्वाने दोन्ही कणग्या वाकून हुंगल्या. दुसऱ्या कणगीला कुबट वास येत होता. तिच्यातले उगवले नाही तर सारा देश उपाशी राहणार होता.

त्याने पहिलीतली वरची जाळी धरलेली रास ओंजळीने बाजूला केली. "महाराज, कोपरापर्यंत हात घाला."

"या पाखरांत?"

"आधी या कणगीत, मग त्या."

राजाने डोळे मिटून हात घातला. आत गहू थंडगार होता. दुसरीत घातला आणि चटकन काढला. आत तापकरी पोराच्या अंगासारखी धग होती. हाताला पीठ लागले होते आणि बोटांवरून बारके तपकिरी सोंडे चालले होते.

अमात्य म्हणाला, "पाखराची अळी वरवर खाते आणि पंख फुटले की स्वतःच बोभाटा करते. सोंडा भुंगेऱ्यांच्या जातीचा. दाण्यात जन्मतो, आतून पोखरतो आणि गप्प राहतो."

राजाने सोंड्यांना जाळायला सांगितले. अमात्याने तेही होऊ दिले नाही. दुसऱ्या कणगीतला गहू उन्हात पसरवला, तसे सोंडे आपल्या पायांनी सावलीकडे निघाले. सावलीत पुरोहित उभा होता. तो दुसऱ्यांदा धावला.

पहिल्या कणगीतला गहू पेरला गेला. कोंब दिसेपर्यंत नंदियाची शिक्षा टांगणीला होती आणि तो रोज बांधावर जाऊन माती न्याहाळत बसे. शेते हिरवी झाली तेव्हा राजाने त्याच्या घरी पाळणा पाठवला.

कथा संपवून शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, समोर बसलेल्या दोन भिक्षूंकडे पाहून सांगितले, "तेव्हाचा राजा म्हणजे हा उतावळा तिस्स, नंदिया म्हणजे हा भित्रा सोण, आणि अमात्य मीच होतो."

सोंडे कोण होते ते शास्त्याने सांगितले नाही. सभेतल्या कोणी विचारलेही नाही. न जाणो, आपलेच नाव निघायचे.

या जन्मी बोधिसत्त्वाने पूर्ण केली ती प्रज्ञा पारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता.